वंशावळ कोण काढणार?

वनहक्क कायद्याच्या नियमावलीतला तेरावा नियम पुराव्यांविषयी आहे. जंगलात पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या माणसाकडे सातबारा नसतो. मग त्याने आपला हक्क कशाच्या आधारे सिद्ध करायचा, ते ह्या नियमात दिले आहे. सरकारी नोंदी आणि नकाशे, घर, शेताचे बांध, जुनी विहीर, दफनाची जागा, देवाचे ठिकाण, दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, अशी ती यादी आहे. तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, जुन्या नोंदीतल्या पूर्वजापर्यंत जाऊन पोचणारी वंशावळ. दुसरी, भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणासारख्या नामवंत संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे अभ्यास. मानवशास्त्राच्या एम.ए.ला जी वंशावळ काढायला शिकवतात, तिला २००८ सालापासून ह्या देशात कायद्याने पुरावा म्हणून जागा दिलेली आहे.

आणि तरीही ‘मानवशास्त्रात एम.ए. म्हणजे चैन आहे’ हे म्हणणे वाढतच चालले आहे. पूर्वी लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक असे म्हणत. आता शिकलीसवरली, धोरणे ठरवणारी, चांगले वाचन असलेली माणसेही म्हणतात. त्यांची मांडणी साधारण अशी असते. हा विषय इंग्रजांनी राज्य करण्यासाठी आणला, तेव्हा तो त्यांच्याबरोबरच जायला हवा होता. त्यातले उपयोगाचे जे आहे ते समाजशास्त्रात शिकवता येते. नोकऱ्या नाहीत, विद्यार्थी यूपीएससीला सोपा पडतो म्हणून येतात. माणसांची माहिती आता सर्वेक्षणांतून आणि उपग्रहांतून मिळते. आणि शेवटी, ज्यांच्याविषयी हा विषय बोलतो ते आदिवासी, भटके-विमुक्त आता स्वतः बोलू लागले आहेत, त्यांच्या वतीने बोलणारा तज्ज्ञ कशाला हवा?

ह्यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. पण आधी माझे म्हणणे सांगते. महाराष्ट्रात मानवशास्त्र रोज वापरले जाते. वनहक्क समितीच्या, जात पडताळणी समितीच्या, पुनर्वसन अधिकाऱ्याच्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर ते वापरले जाते, आणि बहुतेक वेळा ते न शिकलेली माणसे वापरतात. हा विषय हवा की नको, हे ठरवण्याची वेळ केव्हाच निघून गेली. तो शिकून वापरायचा की न शिकता, एवढेच आता आपल्या हातात आहे, आणि न शिकता वापरल्याची किंमत मोजतो तो आदिवासी, धरणग्रस्त, पोटासाठी गाव सोडणारा माणूस.

आधी वसाहतवादाचा आक्षेप पाहू. तो खरा आहे. इंग्रज प्रशासक हर्बर्ट रिस्लेने ह्या देशातल्या माणसांच्या नाकांची मापे घेतली, नाकाची रुंदी आणि जातीचे स्थान यांचा संबंध जोडला आणि १९०१च्या जनगणनेत जातींची उतरंड लावायला काढली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवला. ह्या कायद्याखाली सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणात जी कुटुंबे कोंडली गेली त्यांची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ला झाली, आणि कागदावर सुटल्यानंतरही पारध्याच्या पोराच्या मागे पोलीस लागतातच. अमुक जमात चोर, तमुक जमात लबाड असे बिनदिक्कत लिहिणारी त्या काळची जातिवर्णनाची पुस्तके ह्या अन्यायात सामील होती. हे नाकारणाऱ्याला मी मानवशास्त्राचा अभ्यासक मानणार नाही.

पण ह्या मोजपट्टीला उत्तर कोणी दिले, हेही पाहिले पाहिजे. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला जाऊन हाच विषय शिकले. १९३२च्या आपल्या पुस्तकात त्यांनी रिस्लेच्या पद्धतीची मापे तपासून दाखवले की उत्तर हिंदुस्थानचा एक पट्टा सोडला तर जातीचे स्थान आणि नाकाचे माप यांचा मेळ बसत नाही. घुर्यांची हीच कोष्टके पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये वापरली आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हा सिद्धांत मोडून काढला. त्याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ह्या प्रथा तो कणा ताठ ठेवण्यासाठी आहेत, ही मांडणी त्या निबंधातली. जातिव्यवस्थेच्या विश्लेषणातला हा पायाचा दगड मानवशास्त्राच्या वर्गात, विद्यार्थ्याने बसवलेला आहे. ज्यांना हा विषय परका वाटतो त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

इरावती कर्व्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९२८ साली मुंबई विद्यापीठात घुर्यांच्या हाताखाली एम.ए. करून त्या बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, जे पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली विषमता वंशागणिक वेगळी असते का, हे तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या, वंशाचा फरक सापडला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. त्या खोलीत तसे लिहायला काय लागले असेल, ह्याचा विचार करावा. मोजपट्टी ज्याच्या हातात असते तोच ती चुकीची असल्याचे सिद्ध करू शकतो. बाहेर उभे राहून फक्त निषेध करता येतो.

शिवाय हा न्याय एकट्या मानवशास्त्रालाच का? २०२४पर्यंत चाललेले भारतीय दंडविधान इंग्रजांचे, जनगणना इंग्रजांची. १८७८च्या वनकायद्याने लोकांचे जंगल सरकारच्या ताब्यात नेले, पण वनशास्त्राची महाविद्यालये बंद करा असे कोणी म्हणत नाही. जंगल घेणाऱ्यांचे शास्त्र शिकवायचे आणि ते परत मिळवण्यासाठी लागणारे मोडीत काढायचे, हा कुठला वसाहतमुक्तीचा विचार झाला?

आता वंशावळीकडे येते, कारण ‘त्यात शिकण्यासारखे काय आहे’ असे विचारणाऱ्यांनी ती कधी काढलेली नसते. रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या कातकरी वाडीत पहिल्यांदाच वही घेऊन बसलेला विद्यार्थी पाहा. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मधे दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न, चिन्हावर तिरपी रेघ म्हणजे माणूस वारला. एवढे त्याला येते. तो विचारतो, घरात किती माणसं? म्हातारा समोर दिसतात तेवढी सांगतो. दोन मुलगे बायकापोरांसह वीटभट्टीवर गेलेले असतात, ते राहतात. लग्न होऊन गेलेल्या मुली राहतात. लहानपणीच गेलेली मुले राहतात. पहिली बायको सोडून गेली असेल तर ती राहते, आणि तिची मुले दुसरीच्या नावावर लागतात. म्हातारीला नवऱ्याचे नाव विचारले की ती पदर तोंडाशी धरून गप्प बसते, कारण ती ते नाव घेणार नाही. ते जावेला किंवा नणंदेला विचारायचे असते. मतदारयादीत एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, वाडीत हाक मारतात ते तिसरे. वय विचारले तर ‘असेल पन्नास-साठ’ हे उत्तर. इथे साल विचारून उपयोग नसतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू केवढी होतीस? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होतीस का? एकोणनव्वदच्या पुरात थोरला मुलगा चालत होता की कडेवर होता? असे विचारत गेले की एकेका त्रिकोणाला आणि वर्तुळाला साल चिकटत जाते, आणि दोन-तीन वेगवेगळ्या माणसांकडून ते पडताळून घ्यावे लागते.

हे काम अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात येत नाही. मानवशास्त्रज्ञ विल्यम रिव्हर्स यांनी १८९८मध्ये टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर ही पद्धत बसवली, केंब्रिजमध्ये त्यांच्याकडून ती घुर्यांकडे आली, आणि कर्व्यांनी १९५३च्या आपल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात देशभरच्या नात्यांची मांडणी केली. वनहक्काच्या कायद्यात लग्न झालेल्या दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. आदिवासी नसलेल्या पण जंगलावर जगणाऱ्या कुटुंबाला तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्या कारकुनाने वर्तुळे सोडून फक्त त्रिकोण काढले त्याच्या कागदावर विधवेचा दावा उरत नाही, आणि ज्याला साल पडताळता आले नाही त्याच्या कागदावर तिसरी पिढी पोचत नाही. दावा ‘पुराव्याअभावी’ फेटाळला जातो. तो पुरावा त्या म्हातारीच्या डोक्यात होता, विचारणाऱ्याला तो काढता आला नाही.

जात पडताळणीची गोष्ट ह्याहून कठीण आहे, कारण तिथे मानवशास्त्राचे नाव घेऊनच चुकीचे काम होते. १९९४च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमातीच्या दाव्यांच्या चौकशीची पद्धत घालून दिली. अर्जदाराच्या समाजाचे देव, विधी, लग्नाची रीत, मयताचे संस्कार हे प्रश्न त्यातून आले. पुढे महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला. परिणाम असा की कल्याण-डोंबिवलीत वाढलेल्या, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र मागणाऱ्या ठाकर मुलाला तुमचा कुलदेव कोणता, मयताला कोण खांदा देतो, लग्नात कोणते गाणे म्हणतात असे विचारले जाते. उत्तर जुळले नाही तर त्याच्या जमातीवरच शंका. माझ्या विषयाचे टीकाकार हे उदाहरण आवर्जून देतात: बघा, तुमच्या शास्त्राने काय केले.

माझे उत्तर असे की हे शास्त्र शिकलेला कोणीही प्रश्नपत्रिकेसारखी गुणांची यादी पुढे ठेवून माणसाची जमात ठरवणार नाही. मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ सालीच दाखवून दिले की समाजाची ओळख त्याच्या रीतिरिवाजांच्या यादीत नसते. आपले कोण आणि परके कोण ह्याची सीमा माणसे रोजच्या व्यवहारात जशी राखतात तीत ती असते, आणि आतले रिवाज बदलले तरी ती सीमा टिकते. एम.ए.च्या वर्गात हे शिकवतात. एन्थोवेनची शंभर वर्षांपूर्वीची जातिवर्णनाची पुस्तके समोर ठेवून आजच्या मुलाची परीक्षा घेणारा माणूस मानवशास्त्र वापरतो, पण त्याचे ज्ञान १९२०च्या आसपास थांबलेले असते. २४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातल्या ठाकर समाजाच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रिवाज जुळतात का हे पाहणारी ही ‘आप्तभावाची कसोटी’ निर्णायक मानता येणार नाही. न्यायालयाने हे सांगेपर्यंत किती मुलांची वर्षे गेली! चौकशीच्या टेबलावर बार्थ वाचलेली माणसे बसवली असती तर ह्यातली कितीतरी वर्षे वाचली असती, अशी माझी खात्री आहे.

‘समाजशास्त्र पुरे’ ह्या आक्षेपाला मी सिकलसेलच्या उदाहरणाने उत्तर देते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार ह्या पट्ट्यांत आणि विदर्भातल्या काही दलित समाजांतही हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के आणि वाहक होण्याची पन्नास टक्के. २०२३ साली केंद्र सरकारने २०४७पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले, सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. रक्त तपासायचे, कार्ड द्यायचे, आणि लग्नाआधी दोन्ही कार्डे जुळवून पाहायला सांगायचे, असा हा कार्यक्रम आहे. कार्यक्रम चांगला आहे आणि तो व्हायलाच हवा.

पण तो गोंड गावात पोचतो तेव्हा काय होते ते पाहा. गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात, आणि एकाच देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही. म्हणजे मुलीसाठी बघायची घरे आधीच ठरलेली. त्यात मामाच्या किंवा आत्याच्या घरी नाते जोडण्याकडे कल, म्हणजे ती आणखी कमी. त्यात अंतर, जमीन, दोन कुटुंबांतले जुने रुसवे. अशा ठिकाणी नर्सने ‘वाहकाने वाहकाशी लग्न करू नये’ एवढे सांगितले की आईच्या मनात गणित सुरू होते, आणि त्या गणितात अनेकदा एकच उत्तर येते: मुलीचे कार्ड पेटीत ठेवून द्यावे. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे गावात पोचायच्या आत ‘तिच्या रक्तात दोष आहे’ हे पोचते, आणि तो शिक्का मुलाच्या मानाने मुलीला फार जड जातो.

इथे कामाला येणाऱ्या माणसाला दोन्ही गोष्टी कळायला हव्यात. रक्तातला जनुक एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसा जातो, आणि हिवतापाच्या प्रदेशात तो इतक्या पिढ्या का टिकला, हे कळायला हवे; वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते म्हणून तो टिकला, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये दाखवले. आणि त्याच वेळी सहा देव्यांची मुलगी कोणत्या घरी जाऊ शकते, तिच्या मामाच्या घरात किती मुलगे आहेत, तिथे आधी कार्ड कोणाचे काढायचे, हेही कळायला हवे. जनुकशास्त्राचा विद्यार्थी पहिली गोष्ट शिकतो, समाजशास्त्राचा दुसरी. एकाच वर्गात दोन्ही शिकवणारा विषय एकच आहे. कर्व्यांनी आणि कैलाशचंद्र मल्होत्रांनी १९६८ साली महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एका नावाखाली येणाऱ्या, सारख्या दर्जाच्या जाती शरीराने एकसारख्या असतात का, हा त्यांचा प्रश्न होता. रक्तगट आणि सोयरीक यांचा एकत्र विचार करण्याची ही सवय पुण्यात बसली होती. समाजशास्त्रात विलीनीकरण करण्याच्या नावाखाली ती मोडायची, आणि मग आरोग्य खात्याने बाहेरून सल्लागार आणायचे, हे मला मान्य नाही.

नोकऱ्यांविषयी थोडक्यात. त्या कमी आहेत, हे खरे. पण काम कमी आहे म्हणून त्या कमी आहेत, हे खरे नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक केले, ते सहा महिन्यांत पुरे करायची अट घातली, आणि ते तपासणाऱ्या तज्ज्ञगटात दोन बिनसरकारी सामाजिक शास्त्रज्ञ असलेच पाहिजेत असे म्हटले. गायरानावर कोण गुरे चारतो, कागद नसलेले कूळ कोण, कोणत्या दोन वस्त्या एकाच वेशीत राहू शकत नाहीत आणि कोणत्या एकमेकींवाचून राहू शकत नाहीत, हे त्या अहवालात आले पाहिजे. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची अशी पाहणी इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी केली आणि ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६चा आहे. म्हणजे कायदा यायच्या आधी हे काम इथल्या मानवशास्त्राने हातात घेतले होते. आज कायदा आहे, पुण्यात १९६२पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, नागपूरला मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे केंद्र आहे, कामाचा डोंगर आहे. पदे निर्माण करायची नाहीत आणि पदे नाहीत म्हणून वर्ग बंद करायचे, हा युक्तिवाद स्वतःच्याच शेपटीला धरून फिरतो. यूपीएससीचे म्हणाल, तर एखादा अधिकारी वैकल्पिक विषयाच्या पाचशे गुणांच्या निमित्ताने का होईना माडिया आणि कोलाम यांच्याविषयी वाचून भामरागडला रुजू झाला तर त्यात मला वाईट काही दिसत नाही. वाईट एवढेच की तो वाचून येतो, गावात राहून येत नाही.

आकडेवारीच्या भक्तांना मी बीडकडे पाहायला सांगते. २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, पाहणी झाली, आणि ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. आकडा भयंकर आहे. पण तो आकडा मागावा हे कोणाला सुचले? फडावर, कोपीत जाऊन बसलेल्या बायकांच्या संघटनांना आणि पत्रकारांना. त्यांना तिथे कळले की मुकादम उचल देतो ती एका माणसाला देत नाही, ‘कोयत्या’ला देतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने खाडा केला की दोघांचा दिवस जातो, वर दंड. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे, पाणी नाही, संडास नाही, पाळी आली तरी सुट्टी नाही. हे कळल्यावरच ‘पिशवी काढून टाकली की कटकट गेली’ ह्या वाक्याचा हिशेब लागतो. त्यांच्याकडे मानवशास्त्राची पदवी नव्हती, असे कोणी म्हणेल. नसेल. पण त्यांनी वापरलेली रीत तीच आहे: लोकांच्या हिशेबाचे एकक आधी समजून घ्या, मग मोजा. सर्वेक्षणाच्या अर्जात ‘कामगार’ म्हणून एक रकाना असतो; ‘कोयता’ असा रकाना नसतो. हे दर वेळी एखाद्या धडपड्या पत्रकाराच्या नशिबावर सोडायचे, की दर वर्षी काही मुले ह्यासाठीच तयार करायची?

उपग्रहाचेही तसेच आहे. जमीन कसलेली आहे हे चित्रात दिसते. ती कोणी कसली आणि कोणाच्या नावाने ओळखली जाते, हे दिसत नाही. देवराई चित्रात दाट झाडीसारखीच दिसते.

आता तो शेवटचा आक्षेप. आदिवासी आणि भटके-विमुक्त स्वतः बोलतात, मग तज्ज्ञ कशाला? ते बोलतात, आणि फार आधीपासून बोलतात. लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८०चे, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७चे. कोणत्याही अभ्यासकाची वाट न पाहता त्यांनी आपल्या समाजाचे जगणे मराठी वाचकापुढे ठेवले, आणि मराठी मानवशास्त्राच्या वीस प्रबंधांनी झाले नसते ते काम केले. ह्यावर माझा काही वाद नाही. पण आत्मकथन एका माणसाचे सत्य सांगते. वनहक्काच्या सामूहिक दाव्याला, पुनर्वसनाच्या यादीला, सिकलसेलच्या समुपदेशनाला गावातल्या प्रत्येक घराचे सत्य लागते. ज्या घरातले कोणी लिहिणारे नाही त्याचेही, गावातल्या प्रतिष्ठितांना जे घर नको आहे त्याचेही. ते गोळा करायला, पडताळायला, न्यायालयात टिकेल असे मांडायला शिक्षण लागते.

आणि हे शिक्षण घेणारा बाहेरचाच असला पाहिजे, हे कोणी ठरवले? जुन्नरच्या आदिवासी भागातून आलेले डॉ. गोविंद गारे ह्याच राज्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि महाराष्ट्रातल्या जमातींवर मराठीत लिहीत राहिले. आदिवासी मुले मानवशास्त्राच्या वर्गात आली की विषय बदलतो. बाहेरच्या मुलाला जे विचारायला धीर होत नाही ते ती विचारतात, आणि बाहेरच्याला जे विचारण्यासारखे वाटते त्यातले काही विचारू नये हेही त्यांना ठाऊक असते. ह्या विषयाचे दार लोकांसाठी उघडायचे की दारच काढून टाकायचे, हा निर्णय आहे. आदिवासी स्वतः बोलतात म्हणून मानवशास्त्राचा वर्ग बंद करा, असे म्हणणारा त्या मुलीच्या हातून आपल्याच वाडीची वंशावळ काढण्याचे साधन काढून घेतो, आणि मग ती वंशावळ पुन्हा परक्या कारकुनाच्या हाती जाते.

टीकाकारांचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मान्य करते, आणि ते फार कमी जण करतात. आपल्या विभागांचे क्षेत्रकार्य सहलीकडे झुकले आहे. बस भरून जायचे, शाळेत मुक्काम करायचा, छापील प्रश्नावली भरायची, फोटो काढायचे, परत यायचे. प्रबंध इंग्रजीत लिहायचा आणि तो विद्यापीठाच्या कपाटात राहायचा. ज्या गावाने त्या मुलाला जेवू घातले, म्हातारीने नवऱ्याचे नाव जावेकडून सांगवले, त्या गावाला त्यातले अक्षरही मिळत नाही. आणि त्याच गावाच्या वनहक्क समितीकडे अभ्यास म्हणून जोडायला एक कागद नसतो.

म्हणून माझी मागणी वर्ग टिकवण्याच्या पुढची आहे. महाराष्ट्रात मानवशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी विद्यार्थ्याने एका गावात सलग राहून, घरटी वंशावळ काढून काम करावे. प्रबंधाची मराठी प्रत, आणि जिथे भाषा वेगळी असेल तिथे त्या भाषेत सारांश, ग्रामसभेत वाचून दाखवावा. लोकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या त्यात कराव्यात. जे नावानिशी लिहू नये असे त्यांना वाटते ते काढून टाकावे. मग एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात जमा करावी, आणि पोच घेतल्याशिवाय पदवी देऊ नये. ह्यासाठी नवा कायदा लागत नाही, केंद्राचा निधी लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला हा ठराव एका बैठकीत करता येतो, आणि येत्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून तो लागू करता येतो.